सल्ला देणारे चार, घर एक: आशाताई, सेविकाताई, सर आणि डॉक्टरांनी एकत्र बसून शिकायची गरज का आहे?

समजा, जुळे सोलापुरात एक घर आहे. दोन खोल्या, पाच माणसं. आजी, तिचा मुलगा, सून, नववीतला नातू आणि अंगणवाडीत जाणारी चार वर्षांची नात. मुलगा खासगी टेम्पो चालवायचा. एका पहाटे त्याला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि घराची कमाई त्याच दिवशी थांबली.

हे घर काल्पनिक आहे, पण अशी घरं आशाताईंच्या, शिक्षकांच्या आणि डॉक्टरांच्या रोजच्या कामात येत असतात. पुढे काय होतं बघा.

फिजिओथेरपिस्ट सांगतात, आठवड्यातून तीन वेळा व्यायामाला आणा, हयगय केली तर हात वळायचा नाही. शाळेतले सर निरोप धाडतात, मुलाची हजेरी घसरलीये, संध्याकाळी त्याच्याजवळ बसून अभ्यास घ्या. अंगणवाडीच्या सेविकाताई म्हणतात, मुलीचं वजन वाढत नाहीये, दिवसातून पाच वेळा थोडं थोडं भरवा. आशाताई बीपी मोजतात आणि काळजीने म्हणतात, वहिनी, तुमचंच बीपी वाढलंय, झोप पूर्ण घ्या, ताण घेऊ नका.

चारही सल्ले बरोबर आहेत, आणि चारही सल्ले एकाच बाईच्या डोक्यावर जाऊन बसले आहेत. त्यात तिने घर चालवायला दहा डबे सुरू केलेत. त्यात सोलापूर. शहरात कित्येक वर्षं नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांआड येतं, कधी त्याहून उशिरा. पाणी येतं त्या दिवशी फिजिओथेरपी बुडते, आणि तिकडे कागदावर नोंद होते, 'नातेवाईक सहकार्य करत नाहीत.'

या चौघांपैकी कुणीही कामचुकार नाही. कदाचित ते एकमेकांना ओळखतही असतील, आसरा चौकात भाजी घेताना भेटत असतील. फक्त या घराबद्दल चौघं एका ठिकाणी बसून कधी बोललेले नसतात. प्रत्येकाला घराचा एक चतुर्थांश भाग दिसतो आणि प्रत्येक जण तेवढ्यावरून पूर्ण सल्ला देतो.

जगभरात यावर एक साधा उपाय करून पाहिला गेला आहे. कुटुंबांसोबत काम करणाऱ्यांनी छोट्या गटात नियमित बसायचं, एकेक घर समोर ठेवायचं आणि एकमेकांकडून शिकायचं. ऐकायला ही आणखी एक मीटिंग वाटते, पण ती मीटिंग नाही. फरक कुठे आहे, हे समजून घ्यायला आधी एका शब्दाकडे वळावं लागेल.

घर सावरतं म्हणजे नेमकं काय होतं?

इंग्रजीत ज्याला रेझिलियन्स म्हणतात, त्याला मराठीत कुणी चिवटपणा म्हणतं, कुणी लवचिकता. पण आपल्याकडे बोलताना लोक वेगळंच म्हणतात, "त्या घराने सावरलं." हाच शब्द जास्त बरोबर आहे, कारण सावरणं ही चालू असलेली क्रिया आहे. कुणाच्या अंगात मुळातच असलेला किंवा नसलेला तो गुण नाही.

या विषयाचा अभ्यास सुरुवातीला एकेकट्या मुलांपासून झाला. हवाई बेटांमधल्या काउआई बेटावर 1955 मध्ये जन्मलेल्या मुलांचा एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ आणि त्यांचे सहकारी अनेक दशकं मागोवा घेत राहिले. गरिबी, आजारपण, घरातले वाद अशा कठीण परिस्थितीत वाढलेल्या मुलांपैकी साधारण एक तृतीयांश मुलं पुढे चांगली उभी राहिली. त्यांच्या आयुष्यात काय वेगळं होतं, याचं एक उत्तर वारंवार मिळालं. किमान एक भरवशाचं मोठं माणूस. ते आईवडीलच असतील असं नाही. आजी असेल, शेजारी असेल, शिक्षक असेल.

पुढे शिकागोच्या फ्रोमा वॉल्श यांनी हाच प्रश्न एका माणसावरून उचलून संपूर्ण घरावर नेला. त्यांचं या विषयावरचं पुस्तक 1998 मध्ये आलं. त्यांच्या मते तीन गोष्टी बघाव्या लागतात. घर आलेल्या संकटाकडे कसं बघतं. कामं, पैसा आणि नातेवाईक यांची मांडणी कशी आहे. आणि घरातली माणसं एकमेकांशी मोकळेपणाने बोलतात का.

वरच्या घराला हे लावून बघा. आजीला वाटतं की हे कुणीतरी केलेलं आहे, ही झाली संकटाकडे बघण्याची नजर. सगळी कामं सुनेकडे आणि आजीकडे एकही नाही, ही झाली मांडणी. नववीतला मुलगा महिनाभर कुणाशी धड बोललेला नाही, ही तिसरी गोष्ट. म्हणजे या घराला पाचवा सल्ला देण्यात अर्थ नाही. कामांची वाटणी हलली तरच काहीतरी बदलेल.

एक इशारा इथेच द्यायला हवा. 'सावरण्याची ताकद' हा शब्द फार सोयीचा आहे. "बाई खंबीर आहे, ती बघून घेईल" असं म्हणून मोकळं होता येतं. घराची ताकद ओळखायची ती त्याला कुठे आणि किती आधार लागेल हे कळावं म्हणून. आधार काढून घ्यायला ते कारण होऊ नये.

मग हे शिकायचं कुठे?

अंगणवाडी सेविकांची मासिक बैठक होते. आशांची आरोग्य केंद्रावर होते. शिक्षकांची केंद्रस्तरीय शिक्षण परिषद होते. डॉक्टरांच्या संघटनांची व्याख्यानं असतात. म्हणजे बसायला जागा आहे, वेळही काढलेला आहे.

पण त्यातल्या बहुतेक बैठका आढाव्याच्या असतात. किती गरोदर माता नोंदवल्या, किती वजनं घेतली, पोषण ट्रॅकरवर किती नोंदी राहिल्या, कुणाचं काम मागे आहे. आढावा लागतोच, त्याशिवाय यंत्रणा चालत नाही. अडचण अशी की आढाव्याच्या बैठकीत "मला हे घर समजलं नाही" असं म्हणणं म्हणजे स्वतःचं काम मागे असल्याची कबुली देणं. मग कुणी ते म्हणत नाही. सगळ्यांचे आकडे जुळतात आणि मनातला प्रश्न पर्समध्ये घालून प्रत्येक जण घरी जातो.

सरकारला हे कळलं नव्हतं असंही नाही. 2018 मध्ये पोषण अभियान सुरू झालं. त्यात सेविकांसाठी 'इन्क्रिमेंटल लर्निंग अ‍ॅप्रोच' म्हणजे थोडं थोडं करत शिकायची पद्धत आणली गेली. एकूण 21 विषय. एकदम आठ दिवसांचं प्रशिक्षण देऊन मोकळं व्हायचं नाही. महिन्याच्या बैठकीत एकच छोटा विषय घ्यायचा, तो पुढच्या गृहभेटींमध्ये वापरून बघायचा आणि काय झालं ते पुढच्या बैठकीत सांगायचं. कल्पना अतिशय शहाणी आहे. पण हे ज्ञान राज्यातून जिल्ह्यात, जिल्ह्यातून प्रकल्पात आणि तिथून बीटमध्ये असं उतरत येतं. प्रत्येक पायरीवर त्यातलं 'शिकणं' थोडं गळतं आणि 'कळवणं' उरतं, ही अशा पद्धतीतली कायमची जोखीम आहे.

दर आठवड्याला जामखेडला

एकत्र बसून शिकण्याचं महाराष्ट्रातलं सगळ्यात मोठं उदाहरण सोलापूर जिल्ह्याच्या शेजारीच आहे. करमाळ्याच्या पलीकडे, जामखेडला.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेलं दांपत्य. पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात त्यांनी सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि 1970 मध्ये जामखेडला काम सुरू केलं. त्या वेळचा हा भाग दुष्काळी आणि दवाखान्यापासून लांब. सुरुवातीला गावांमध्ये शिकलेल्या परिचारिका ठेवून बघितल्या, पण बाहेरून आलेल्या नर्सला गावात एकटं राहणं अवघड जायचं आणि गावालाही ती परकीच वाटायची. मग गावातल्याच बाईला तयार करायचं ठरलं. अनेक जणी निरक्षर होत्या, अनेक जणी त्या काळी गावकुसाबाहेर ठेवलेल्या समाजांतल्या.

आता प्रश्न असा की निरक्षर बाईला आरोग्यसेविका करायचं कसं? पुस्तक देऊन भागणार नव्हतं. एकदाच महिनाभराचं प्रशिक्षण दिलं असतं, तर ते गावात पोचेपर्यंत विसरलं गेलं असतं. त्यामुळे या बाया दर आठवड्याला जामखेडला यायच्या. रात्री तिथेच मुक्काम, एकत्र जेवण. 1970 च्या दशकात वेगवेगळ्या जातींच्या बायांनी एका पंगतीला बसणं, शेजारी झोपणं, हेच आधी मोठं शिक्षण होतं.

त्या बैठकीत काय व्हायचं, हे या विषयात सगळ्यात महत्त्वाचं आहे. प्रत्येकीने आपल्या गावात या आठवड्यात काय घडलं ते सांगायचं. कुणाचं बाळ जुलाबाने अत्यवस्थ झालं, कुणाची सासू ऐकेना, कुणी कुष्ठरुग्णाला पाणवठ्यावर येऊ देईना. मग दुसरीने सांगायचं, माझ्याकडे असंच झालं होतं, तेव्हा मी अमुक केलं. डॉक्टर समोर असायचे, वैद्यकीय माहिती द्यायचे, चुकलं तर दुरुस्तही करायचे. पण सासूला कसं समजवायचं, याचं उत्तर डॉक्टरांकडे नव्हतं. ते पलीकडच्या गावातल्या बाईकडे होतं. आरोग्याइतकीच चर्चा जातीची, दारूची, बाईच्या मानाची व्हायची. गावात परतल्यावर हीच बाई महिला मंडळात ते पुढे सांगायची.

यात काम करणाऱ्या मुक्ताबाई पोळ यांची एक गोष्ट सांगितली जाते. 1988 मध्ये अमेरिकेतल्या वॉशिंग्टन शहरात आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत त्यांना बोलायला बोलावलं होतं. सभागृहात मोठी झुंबरं होती. त्यांनी झुंबर दाखवून जे सांगितलं त्याचा आशय असा: डॉक्टर या झुंबरासारखे, सुंदर, महाग, पण एका जागी टांगलेले. मी तेलाची पणती, पण एका पणतीवरून दुसरी पेटवता येते. अख्खी जामखेडची पद्धत त्यात आली.

आकडेही बोलके आहेत. प्रकल्पाच्या गावांमध्ये 1971 साली हजार जन्मांमागे 176 बाळं वर्षाच्या आत दगावत होती. 1996 पर्यंत हा आकडा 26 वर आला. अर्थात हे सगळं श्रेय आठवड्याच्या बैठकीला देता येणार नाही. त्याच काळात विहिरी झाल्या, शेतकरी मंडळं उभी राहिली, लसीकरण वाढलं आणि राज्यातही बालमृत्यू कमी होत होते. पण जागतिक आरोग्य संघटनेने 1975 मध्ये 'हेल्थ बाय द पीपल' हे पुस्तक काढलं, त्यात जगभरातल्या निवडक प्रयोगांमध्ये जामखेड होतं, ते उगाच नाही. 1979 मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पुढे देशभर आलेल्या आशा योजनेच्या मागे जे प्रयोग उभे आहेत, त्यांत जामखेडचं नाव घेतलं जातं.

फक्त एक गोष्ट योजनेत येता येता मागे राहिली. गावातली बाई आली, तिचं प्रशिक्षण आलं, तिचे फॉर्म आले. दर आठवड्याचं ते गोल करून बसणं मात्र तेवढ्या ताकदीने आलं नाही.

सोलापूरच्या आणखी जवळचं उदाहरण हवं असेल तर हैदराबाद महामार्गावर नळदुर्गजवळचं अणदूर आहे. डॉ. शशिकांत अहंकारी यांनी उभी केलेली हॅलो मेडिकल फाउंडेशन तिथली. यातला 'हॅलो' फोनवरचा नाही, तो हेल्थ अँड ऑटो लर्निंग ऑर्गनायझेशन या नावाचा संक्षेप आहे. आरोग्य आणि स्वयंशिक्षण. वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या गटातून हे नाव आलं आणि पुढे गावातल्या बायांना 'भारतवैद्य' म्हणून तयार करण्यापर्यंत काम गेलं.

शिकलेल्यांनाही हे लागतं का?

लागतं. उलट त्यांना ते मान्य करणं जास्त जड जातं.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये 1950 च्या दशकात मायकेल आणि एनिड बालिंट यांनी फॅमिली डॉक्टरांचे छोटे गट सुरू केले. एक डॉक्टर एका पेशंटबद्दल बोलायचा. पुन्हा पुन्हा येणारा, रिपोर्ट नॉर्मल असलेला, ज्याचा डॉक्टरला वैताग येतो असा पेशंट. बाकीचे औषध सुचवायचे नाहीत. ते विचारायचे, या पेशंटबद्दल तुला एवढा राग का येतो? या बैठकांवरचं बालिंट यांचं पुस्तक 1957 मध्ये आलं आणि 'बालिंट गट' ही पद्धत अनेक देशांत रुजली.

अलीकडचं उदाहरण अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातलं. तिथले डॉ. संजीव अरोरा यांच्याकडे हेपॅटायटिस सीच्या पेशंटची लांबलचक यादी असायची, लोक दूरदूरच्या गावांतून यायचे. 2003 मध्ये त्यांनी उलटं केलं. पेशंट शहरात आणण्याऐवजी गावातल्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र आणलं. एक डॉक्टर केस मांडणार, सगळे चर्चा करणार, तज्ज्ञही शिकणार. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की गावातल्या डॉक्टरांकडे झालेले उपचार विद्यापीठाच्या रुग्णालयाइतकेच यशस्वी होते. या पद्धतीला 'इको' म्हणतात, आणि बेंगळुरूची निम्हान्स संस्था मानसिक आरोग्यासाठी ती वापरते.

जामखेडच्या निरक्षर बाया, लंडनचे डॉक्टर, न्यू मेक्सिकोचे डॉक्टर. तिन्हीकडे गाभा एकच होता. समोर खरी केस, नियमित बैठक आणि न कळल्याचं मोकळेपणाने सांगायची मुभा.

जुळे सोलापुरात हे कसं दिसेल?

सुरुवातीच्या घराकडे परत येऊ. समजा आशाताई, सेविकाताई, सर आणि फिजिओथेरपिस्ट महिन्यातून एकदा तासभर बसतात. सोबत एखादा समुपदेशक किंवा समाजकार्याचा विद्यार्थी. वालचंद महाविद्यालयात समाजकार्याचा विभाग आहे, म्हणजे शहरात अशी माणसं घडतात. घराचं नाव घ्यायचं नाही. 'एक घर' एवढंच म्हणायचं.

सर सांगतात, मुलगा सोमवार, बुधवार, शुक्रवार गैरहजर असतो. फिजिओथेरपिस्ट दचकतात. तेच तर व्यायामाचे वार! वडिलांना रिक्षात बसवून आणणारा तो मुलगाच आहे. म्हणजे सर ज्याला बेफिकीर समजत होते, तो घराचा दुसरा कर्ता माणूस झालाय. सेविकाताई सांगतात, सकाळी मुलीला आजी आणून सोडते आणि तिच्या हातात चहा-बिस्किटाचा पुडा असतो. म्हणजे आजी घरात रिकामी बसलेली नाही, नातीला सांभाळायची तिची तयारी आहे, फक्त काय भरवायचं ते तिला कुणी सांगितलंच नाही. सल्ले सगळे सुनेला दिले गेले.

आता सल्ला बदलतो. भरवण्याचं बोलणं आजीशी करायचं. काही व्यायाम घरी शिकवता येतील का आणि फेऱ्या कमी करता येतील का, ते फिजिओथेरपिस्टने ठरवायचं. मुलाला सरांनी शिक्षा करायची नाही, बुडलेल्या दिवसांच्या वह्या मित्राकडून मिळवून द्यायच्या. सरकारी मदतीचं काय? दिव्यांग प्रमाणपत्र निघालं तर संजय गांधी निराधार योजनेचा रस्ता बघता येतो. मुलांसाठी बालसंगोपन योजना आहे, तिची रक्कम 2023 मध्ये दरमहा 1,100 वरून 2,250 रुपये झाली. ती फक्त अनाथ मुलांसाठी आहे असा समज आहे, पण एकल पालकांची आणि पालकांच्या गंभीर आजाराने अडचणीत आलेली मुलंही निकषांप्रमाणे त्यात येऊ शकतात. चौघांपैकी एकाला हे माहीत असलं तरी चौघांना कळतं.

वहिनींच्या बीपीवर या बैठकीत कुणी काही बोललंच नसेल. पण तिच्यावरची दोन कामं उतरली, ती बीपीच्या गोळीइतकीच कामाची आहेत.

जुळे सोलापूरची एक वेगळी अडचणही आहे. शहरी आरोग्य अभियान 2013 मध्ये आलं ते मुख्यतः झोपडपट्ट्या आणि गरीब वस्त्यांसाठी. शहरातल्या आशा आणि 50 ते 100 घरांमागे असलेली महिला आरोग्य समिती त्याच वस्त्यांना धरून. वर्षाला 5,000 रुपये मुक्त निधी असलेली ही समिती खरंतर अशा बैठकीची तयार जागा आहे. पण बंगले, रो-हाऊस आणि अपार्टमेंटमधल्या घरांची कडी कोण वाजवणार? मुलं पुण्याला नोकरीला, सणासुदीला हुतात्मा एक्सप्रेसने येणार आणि जाणार. इथे निवृत्त शिक्षक आणि त्यांची बायको, दोघांपैकी एकाला स्मृतिभ्रंश. या घराच्या बाबतीत 'कर्मचारी' कोण? फॅमिली डॉक्टर, औषधं घरपोच देणारा मेडिकलवाला, दिवसाची मावशी आणि सोसायटीचा वॉचमन. हसण्यासारखं वाटेल, पण काका रात्री दोनला गेटवर येऊन "शाळेला उशीर झाला" म्हणतात, हे पहिल्यांदा वॉचमनलाच कळतं. पैसा असलेल्या घरांभोवती सरकारी माणसांचं जाळं विरळ असतं, म्हणून तिथे फॅमिली डॉक्टरांनीच पुढाकार घेतला तर गट बनू शकतो.

बिघडू शकतं ते कुठे?

सगळ्यात मोठा धोका गावभर होण्याचा. सोलापूर शहर मोठं असलं तरी वस्तीत सगळे सगळ्यांना ओळखतात. "टेम्पोवाल्याचं घर" म्हटलं तरी अर्ध्या लोकांना कळेल. त्यामुळे नाव, व्यवसाय, गल्ली बदलून केस मांडायची, आणि शक्य तिथे घराला आधी विचारायचं. व्हॉट्सअॅप ग्रुपवर केसचा फोटो, रिपोर्ट, नाव टाकायचं नाही. मानसिक आजाराबाबत तर 2017 चा मानसिक आरोग्य कायदा गोपनीयतेचा हक्क स्पष्ट देतो.

पण गोपनीयतेलाही एक मर्यादा आहे. मुलावर लैंगिक अत्याचार होत असल्याचं किंवा होण्याची शक्यता असल्याचं कळलं, तर 2012 च्या पोक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. "आपण गटात बोलून घेऊ" हे तिथे चालत नाही. घरात मारहाण होत असेल तर "घर सावरलं पाहिजे" म्हणून बाईला समजावून परत धाडायचं, हे काम या गटाचं नाही. महाराष्ट्रात पोलिसांसोबत बसणारे महिला व मुलांसाठीचे विशेष सहाय्य कक्ष यासाठीच आहेत. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबईत पहिला कक्ष सुरू केला होता.

दुसरा धोका खुर्चीचा. डॉक्टर किंवा सुपरवायझर मॅडम आल्या की आशाताई गप्प. मग तासभर व्याख्यान होतं आणि शेवटी "कुणाला काही शंका?" यावर सगळे माना हलवतात. जामखेडला सतरंजी होती, टेबल नव्हतं, हा तपशील किरकोळ नाही. सर्वात कमी पगाराच्या माणसाने आधी बोलायचं, एवढा एक नियम केला तरी बराच फरक पडतो.

आणि तिसरी गोष्ट पैशाची. 2023-24 मध्ये राज्यातल्या आशांनी मानधनासाठी संप केला, आझाद मैदानावर ठाण मांडलं. मोबदला कामागणिक मिळणाऱ्या बाईला "महिन्यातून एक तास शिकायला या, मोफत" असं सांगणं म्हणजे तिच्या रोजात हात घालणं. प्रवासखर्च आणि तो तास कामात धरला जाणार नसेल, तर ही बैठक दोन महिने चालेल आणि तिसऱ्या महिन्यात चहापुरती उरेल. शिवाय फिजिओथेरपिस्टच कमी असतील, पाणीच येत नसेल, तर ते गटाने सुटत नाही. गटातून फक्त ते नीट मांडता येतं. चार घरांचे व्यायाम पाण्याच्या दिवशीच बुडतात, हे एकट्या नातेवाइकाने सांगितलं तर तक्रार ठरते, चार कर्मचाऱ्यांनी लिहून दिलं तर पुरावा.

सुरू करायला काय लागतं? आठ ते बारा माणसं, ठरलेला वार, एक केस आणि सूत्र हातात ठेवणारं एक माणूस. केस मांडली की लगेच उपाय सुचवायचे नाहीत, आधी फक्त प्रश्न विचारायचे. त्यातला पहिला प्रश्न, या घराने याआधी कोणतं संकट पार केलंय आणि कसं? मग प्रत्येकाने एकच छोटी गोष्ट ठरवायची, जी पुढच्या महिन्यापर्यंत खरंच करून होईल. मनावर जास्तच ओझं आलं तर टेलिमानसचा 14416 हा नंबर घरातल्यांसाठी आहे तसाच कर्मचाऱ्यांसाठीही आहे, आणि मुलांबाबत तातडीने मदत हवी असेल तर 1098.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत नवीन केस घेण्याआधी मागच्या घराची विचारपूस होईल. आजी भरवते का. वह्या मिळाल्या का. प्रमाणपत्राची तारीख लागली का. आणि या महिन्यात पाणी कोणत्या वारी आलं.